तासातासाला "पोचलो"

"पोचलो, बाई."

दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते एवढंच म्हणत आणि तिथेच थांबत. मी मान वर करून "या आबा" म्हटलं की मगच चपला काढून आत येत. लोणावळ्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चपला काढून येणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही. आमची फरशी तुमच्या चपलांपेक्षा मळकी आहे, असं त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला बाहेरच ठेवल्या.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, कुठेही गेला तरी आधी आपण आल्याची वर्दी देणारा. बाकीची गिऱ्हाइकं कशी येतात ते आपल्याला माहीत आहे. खुर्ची ओढतात, पंखा वाढवायला सांगतात, आणि आपल्या हातात दुसऱ्याचं काम असलं तरी स्वतःचा लॅपटॉप त्यावर आणून ठेवतात. आबा हजेरी देत. त्यांच्या वस्तीतले इतर लोक आत येताना "जय भीम" करत. यांचा जय भीमसुद्धा "पोचलो"च्या मागून येई. आधी ड्युटी, मग बाकीचं.

ड्युटी रेल्वेतली होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खंडाळ्याच्या घाटात गँगमन म्हणून काढली, आणि पावसाळ्यात गस्तीला. गस्त म्हणजे एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत रुळांवरून चालत जायचं, दरड आली का, दगड सुटला का ते बघायचं, आणि पलीकडे गेल्यावर सांगायचं, पोचलो. निवृत्तीनंतर ते खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळीकाम करत. उंच, काटकुळा माणूस. मान कायम थोडी वर, कारण आयुष्यभर कड्यांकडे बघत चाललेले. माझ्या दुकानात बसले तरी मधूनच छताकडे बघून घेत. छताला ओल होती खरी. पण त्यांनी बघितलं की मलाही बघावंसं वाटे, आणि मग काम करताना लक्ष लागत नसे.

पहिल्यांदा आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टॉवेल आणि टॉवेलात वहीएवढा एक लॅपटॉप. बंगल्याच्या मालकांनी भंगारात टाकायला काढला होता, तो यांनी मागून घेतला.

"ह्याच्यात जीव हाये का बघा."

जीव होता, पण बेताचा. मेमरी इतकी कमी की हल्लीचा साधा मोबाइलसुद्धा त्याच्यापुढे श्रीमंत. चालू केला की पंखा घरघरायचा आणि पडदा उजळायला चहा पिऊन व्हायचा. मी विचारलं, "कशासाठी हवाय, आबा? गाणी? पिक्चर? नातवंडांना?"

"गस्तीला लावायचाय," ते म्हणाले.

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची वस्ती कुरवंड्याच्या अलीकडे, अगदी डोंगराला टेकून. वस्तीच्या वर एक माळ आहे. आबा रोज सकाळी तिथे जात, सवय म्हणून. त्या माळाला भेग पडली होती. आधी गवतात दिसतही नव्हती.

"पयल्यांदा काठीचं टोक जायचं," ते म्हणाले. "औंदा पाय जातोय."

डोंगराच्या पायथ्याला एका नव्या रिसॉर्टचं पार्किंग झालं होतं. त्यासाठी जेसीबीने डोंगराचा पाय उभा कापला होता. त्यानंतर ही भेग रुंद व्हायला लागली. वस्तीने पंचायतीत अर्ज दिला. साहेब आले, फोटो काढले, "धोकादायक क्षेत्र" असा बोर्ड लावून गेले.

"बोर्डाचं तोंड वस्तीकडं केलंय. आमाला म्हाईतच हाये की. डोंगराकडं तोंड करून लावायचा, त्याला तरी कळलं असतं."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले की हसावं की काय करावं, मला कळेना. मी माझ्या धंद्यातलं बोलून टाकलं. म्हटलं, सोपं आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकू, मध्ये तार ताणू. भेग वाढली की तार तुटेल, आणि तार तुटली की तुमच्या विहारावरच्या कर्ण्यातून भोंगा वाजेल.

आबांनी मान हलवली. "भोंगा नको."

"का?"

"तार तुटली आन त्याच टायमाला लाइट गेली, तर? मशीनच मेलं, तर? भोंगा न्हाई वाजला म्हून लोक निवांत बसतील. आन वरनं डोंगर येतोय."

मग त्यांनी मला रेल्वेचा नियम समजावला. गस्तवाला ठरल्या वेळेला पलीकडे पोचला नाही, तर स्टेशनमास्तर गाडी पुढे सोडत नाही. "का न्हाई पोचला, पाय मुरगाळला का दरडीखाली गेला, ते मागनं बघायचं. आदी गाडी थांबवायची. बघत बसायचं नसतं, बाई."

त्यांना मशीन तसं हवं होतं. सगळं ठीक असेल तोवर तासातासाला कर्ण्यातून आवाज यायला हवा. आवाज आला नाही, की वस्तीने उठून चालू लागायचं. तार तुटली, लाइट गेली, मशीन बिघडलं, उंदराने वायर खाल्ली, काहीही झालं तरी परिणाम एकच: शांतता. आणि शांतता म्हणजे निघा.

"हे उलटं आहे, आबा," मी म्हटलं.

"उलटं न्हाई. हेच सुलटं हाये."

झोपलेल्या माणसाला शांतता कशी ऐकू येणार, हेही मी विचारलं. त्याची सोय त्यांनी आधीच केली होती. पावसाच्या रात्री एकेका घराने पाळीपाळीने जागं राहायचं. घाटात कुणी ना कुणी जागं असतंच, ही त्यांच्या लेखी जगाची रीत होती.

तर आम्ही ते केलं. मी एका जुन्या माऊसचं पोट उघडलं आणि त्याच्या बटणाला लांबच लांब टेलिफोनची वायर जोडली. ती वायर विहारातून निघून माळावरच्या खुंट्यांपर्यंत गेली. तार शाबूत असेपर्यंत मशीनला वाटणार की कुणीतरी बटण दाबून धरलं आहे. आबांना हे फार आवडलं. "म्हंजी डोंगराचं बोट ह्याच्यावर हाये," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमच्या मावशीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, माऊस धरता येत नाही, पण डोंगराला येतो, अशी वर थट्टा.

आवाज कोणता ठेवायचा यावर बराच खल झाला. घंटा ठेवली तर शाळेची वाटेल, सनई ठेवली तर लग्नाची. शेवटी ते म्हणाले, "माजाच घ्या." रेकॉर्डिंगसाठी उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली. आणि असे काही ओरडले की शेजारचा किराणावाला धावत आला.

"पोचलो!"

पहिला पाऊसकाळ सुरू झाला आणि विहारावरून तासातासाला त्यांचा आवाज यायला लागला. पोरांनी नक्कल सुरू केली. बायका भाजी निवडताना म्हणत, "आला गं तुजा आजा." रिसॉर्टवर आलेल्या पाहुण्यांना वाटे, ही काहीतरी स्थानिक प्रथा आहे. एका बाईंनी म्हणे त्याचा व्हिडिओही काढला.

मग श्रावणातल्या एका दुपारी आवाज आला नाही.

त्या लॅपटॉपमध्ये आधीपासून जी सिस्टीम होती तीच मी राहू दिली होती, सगळ्यांच्या घरी असते ती. तिने भर पावसात स्वतःला अपडेट करायला घेतलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं आणि खाली अक्षरं, बंद करू नका. वस्ती मात्र आबांनी शिकवल्याप्रमाणे उठली. तान्ही पोरं, शेळ्या, म्हातारी माणसं, सगळी पावसातून शाळेपर्यंत चालत गेली आणि संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्यांनी वर्गात बसून राहिली. मी रिक्षा करून गेले, तेव्हा रिकाम्या विहारात ते चक्र अजून फिरत होतं. वर डोंगर जागच्या जागी.

लोक चिडले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. एक बाई आबांच्या तोंडावर म्हणाली, "तुमचा रेडू बंद पडला म्हून आमच्या लेकरांनी भिजायचं व्हय?"

आबा हात मागे बांधून ऐकत राहिले. मग म्हणाले, "उगाच थांबलेल्या गाडीतली मान्सं शिव्या देत्यातच. देऊं द्या. शिव्या द्यायला उरली म्हंजी झालं."

पण मला रस्त्यापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. "बाई, यकदा चाललं. पुन्यांदा चालायचं न्हाई. दुसऱ्या बारीला ही मान्सं उठायची न्हाईत."

डोंगर पडेल की नाही ते आमच्या हातात नव्हतं. खोटी शांतता होऊ न देणं मात्र होतं, आणि तेवढ्यावर पूर्ण वस्तीचा जीव टांगला होता. मला पहिल्यांदाच माझ्या कामाची भीती वाटली.

पुढच्या शनिवारपासून आबा सिस्टीम निवडायला बसले. शनिवार त्यांनीच ठरवला आणि कधी चुकवला नाही. स्टुलावर ताठ बसत आणि मी मुलगी दाखवावी तशी एकेक सिस्टीम त्यांना दाखवी. त्यांचे प्रश्न कुठल्या पुस्तकातले नव्हते.

"हे मधीच काय करतंय?"

"अपडेट, आबा. स्वतःला सुधारतंय."

"ड्युटीवर असताना?"

मी मान डोलावली.

"ड्युटीवर सुदारना न्हाई करायची. सुट्टी घिऊन करायची. पुढलं दाखवा."

पासवर्ड मागणारी सिस्टीम त्यांनी उभीच केली नाही. "रातच्याला बंद पडलं आन पासवर्डवाला गावाला गेलेला असला तर डोंगर थांबनार हाये का?" एक इतकी हलकी होती की त्या म्हाताऱ्या मशीनवर उड्या मारत चाले, पण पडदा काळा आणि सगळं टाइप करून सांगायचं. आबा तिच्याकडे आदराने बघत राहिले. मग म्हणाले, "ही हुशार हाये. पर आपल्या घरात न्हाई नांदायची."

शेवटी लिनक्समधल्या तीन हलक्या सिस्टीमी मी वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर तयार ठेवल्या. मला वाटलं, आता आबा त्यातली एक उचलतील. ते म्हणाले, "पुढल्या शनिवारी हिला घिऊन येतो. ती निवडंल."

मावशी आल्या. कपाळ मोकळं, वस्तीतल्या सगळ्याच बायकांचं असतं तसं, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात रिसॉर्टवरच्या साबणाचा वास. तिथे त्या खोल्या झाडायला जात. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता आणि लावायची हौसही नव्हती. "मला कशाला आनलंय? हे हायेत की," असं त्यांचं चालू होतं.

पहिली सिस्टीम उघडली. रंगीत, चकचकीत, कोपऱ्याकोपऱ्यात चित्रं. मावशी म्हणाल्या, "ह्यो तर बाजार झाला. कुटं बघायचं?"

दुसरी देखणी होती, पण सुरू होताना काही ना काही विचारायची, तेही इंग्रजीत. मावशींनी हात मागे घेतला. "हिला उत्तर कोन दिनार?"

तिसरीतून मी सगळं काढून टाकलं होतं. चालू केली की ती कुणाला काही न विचारता उभी राही, आणि मराठीत एकच मोठी चौकट दाखवी. तार जोडलेली असली की हिरवी, नसली की लाल. बाकी काही नाही. लाइट गेली आणि आली, तर आपली आपण पुन्हा सुरू. मावशींनी बोटाने बटण दाबलं. पंखा घरघरला. मशीन इतक्या लवकर उठलं की माझाच विश्वास बसेना. हिरवी चौकट आली.

"आलं की," मावशी म्हणाल्या.

"परत करून दाव," आबा म्हणाले.

त्यांनी बंद केलं, परत चालू केलं. मग आबांनी वायर उपटली, पुन्हा लावली, प्लग काढला, बॅटरी काढली. दर वेळी मावशींनी उठवून दाखवलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्यांचं बोट बावरायचं थांबलं. मी मशीनकडे बघत होते. आबा मशीनकडे बघत नव्हते. ते मावशींकडे बघत होते, आणि ज्या पद्धतीने बघत होते त्यावरून मला एकदम कळलं की नवख्या माणसाला जमेल अशीच सिस्टीम हवी, हा हट्ट हे इतके दिवस का धरून बसले होते. त्या दिवसांत ते खोकायचे. रुमाल तोंडाला लावून, तोंड फिरवून, पायरीच्या बाहेर जाऊन खोकायचे. आजार काय ते मला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

"ही चालंल," ते म्हणाले. "मी नसताना चालंल."

मावशी म्हणाल्या, "कुटं निघालाय?" ते म्हणाले, "कुटं न्हाई. चल."

कर्ण्यालाही मी एक जुनी बॅटरी जोडून दिली, थोडा वेळ लाइट गेली तरी आवाज यावा म्हणून. त्यानंतर मशीन एकदाही खोटं बोललं नाही. राहिलेला पाऊस, आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा आख्खा पाऊसकाळ, विहारावरून तासातासाला "पोचलो" येत राहिलं. चिडलेली बाईसुद्धा आवाज जरा उशिरा आल्यासारखा वाटला की हातातलं काम थांबवून कान द्यायची. रिसॉर्टच्या मॅनेजरने आवाज कमी करा म्हणून निरोप धाडला, पाहुण्यांची झोप मोडते. आबांनी उलट निरोप धाडला, की आवाज बंद झाला तर पाहुण्यांनीही उठावं. मॅनेजरला तो विनोद वाटला.

माळावरची भेग मात्र आपल्या गतीने चालली होती. आबा दर शनिवारी मला सांगत. आता गुडघा जातो. आता वाकून बघितलं तर तळ दिसत नाही. तार दोनदा काढून नवी, जास्त लांब ताणावी लागली. ते हे सगळं घरातल्या आजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगत, आणि मग चपला घालून जात. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ छताकडे बघत बसे.

थंडीच्या दिवसांत मुलीने त्यांना देहूरोडला नेलं. जावई तिथल्या डेपोत आहे, क्वार्टर आहे, दवाखाना जवळ आहे. तिथूनही ते शनिवारी लोकल धरून यायचे. काही काम नसायचं. पायरीवर उभं राहायचे, "पोचलो, बाई" म्हणायचे, अर्धा कप चहा प्यायचे आणि परत जायचे. मी रागावले. म्हटलं, एवढ्या खोकल्यात कशाला येता? फोन करा. म्हणाले, "फोनवरनं कोन बी म्हनतंय पोचलो. पोचायला लागतंय."

एका शनिवारी ते आले नाहीत.

संध्याकाळपर्यंत मी पायरीकडे बघत राहिले. त्यांचाच नियम माझ्या डोक्यात फिरत होता. का नाही पोचला, ते मागनं बघायचं. मी कुणाला फोन केला नाही. करायची गरजच नव्हती. दुकान वेळेआधी बंद केलं, आणि शटर ओढताना मला रडू आलं.

मावशी उन्हाळ्याच्या शेवटी आल्या. पायरीवर कुणीतरी थांबलं म्हणून मी मान वर केली, तर त्या. हातात तीच कापडी पिशवी, आत प्लास्टिकची पिशवी, आत टॉवेल.

"पोचले, बाई," त्या म्हणाल्या.

"या, मावशी," मी म्हटलं. त्या आत येऊन बसल्या. म्हणाल्या, "सांगून गेल्यात. पावसाच्या आदी मशीन दावून आन म्हून. आतलं झाडूनपुसून द्या."

मी पंखा साफ केला, बॅटरी बदलली, जाळी पुसली. मग धीर करून विचारलं, "मावशी, आवाज बदलू का? दुसरा घालता येईल. घंटा वगैरे. तासातासाला त्यांचा आवाज... तुम्हाला त्रास होईल."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू एकदमच आलं. "असूं द्या. जिते हुते तवा तासातासाला कुटं बोलायचे माज्यासंगं?"

या वर्षी पाऊस लागला तसा लागूनच राहिला. आषाढात मी एका दुपारी वस्तीवर गेले. निमित्त मशीन बघायचं, खरं म्हणजे मला तो आवाज ऐकायचा होता. विहारात मावशी, आणखी दोन-तीन बायका, आणि चहा. पडद्यावर हिरवी चौकट. तास भरत आला तसं बोलणं आपोआप थांबलं, त्या वस्तीत थांबतंच. बाहेर पाऊस इतका की समोरचं घर दिसत नव्हतं.

आवाज आला नाही.

मी वळून बघितलं. चौकट लाल. माझा हात सवयीने मशीनकडे गेला. म्हटलं, "थांबा, मावशी, जोड सुटला असेल. मी बघते."

"बघत बसायचं नसतं," मावशी म्हणाल्या. त्या उठलेल्याच होत्या. "चला."

कुणी ओरडलं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात फक्त एवढंच गेलं, "आबा न्हाई पोचलं." दारं उघडली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, शेळ्यांच्या दोऱ्या सुटल्या. कुणी चुलीवरचं भांडं उतरवायलासुद्धा मागे वळलं नाही. चिडलेली ती बाई सगळ्यात पुढे होती, दोन्ही काखांत पोरं. शाळेच्या दाराशी मावशी उभ्या राहिल्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला "पोचला का?" विचारत राहिल्या. शेवटचा माणूस "पोचलो" म्हणून आत गेला, तेव्हा त्या आत आल्या.

डोंगर आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस जरा उघडल्यावर वस्तीतले दोघे जण माळावर जाऊन आले. तार गुरांनी तोडली नव्हती. खुंट्याच एकमेकींपासून लांब गेल्या होत्या, आणि पलीकडची बाजू माणसाच्या कमरेएवढी खाली बसली होती. हे त्यांनी खाली येऊन शाळेत सांगितलं.

तेव्हापासून वस्ती शाळेत आहे. विहारात मशीन चालूच आहे. लाइट जाते, येते, आणि ते कुणाला न विचारता उठून लाल चौकट दाखवत बसतं. रिसॉर्टचं पार्किंग शनिवार-रविवारी भरलेलं असतं. मॅनेजर परवा माझ्याकडे आला होता. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "मॅडम, तेवढी घोषणा परत चालू करून द्या ना. बायका कामाला येत नाहीत, खोल्या तशाच पडल्यात. एकदा आवाज आला की जातील परत." मी म्हटलं, तुम्हीच तिथून निघा. त्याला तोही विनोद वाटला.

खरं सांगते, त्याच्यापेक्षा मला भीती शाळेची वाटते. वर्ग गळतात, पोरं आजारी पडतात, माणसं एकमेकांवर खेकसतात. बायका मला रस्त्यात अडवून विचारतात, "बाई, आबा कवा बोलायचं?" त्यांना घरी जायचं आहे. तो आवाज आला तर त्या एका क्षणात निघतील, मागेपुढे न बघता.

काल शनिवार होता. मावशी आल्या, पायरीवर थांबल्या, आत आल्या. पोरांच्या औषधासाठी बाजारात आल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, त्यांचा आवाज तुमच्याकडं हाये न्हवं? हितल्या मशीनमदी?"

"आहे, मावशी."

मी फाइल शोधली. बाजारात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही. हातातच धरून ठेवला, अंगठ्याने त्याचा स्पंज चाचपत.

"हे लावलं की म्हनतील?"

"हो."

"पोचलो, म्हून?"

"हो, मावशी."

त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला, काच ठेवावी तसा.

"नको मग. तार तुटलीया. डोंगूर निम्मा खाली बसलाय. आन त्यांनी पोचलो म्हनायचं?" त्यांनी मान हलवली. "जल्मात खोटं न्हाई म्हनले. आता मी म्हनायला लावू?"

त्या उठल्या, पदर सारखा केला.

"ठिवा जपून," त्या म्हणाल्या. "डोंगूर यकदा येऊन जाऊ दे. मग ऐकीन."

पायरीवर जाऊन त्यांनी चपला घातल्या, मान वर करून कुरवंड्याच्या बाजूला बघितलं. तिकडे ढगांखेरीज काही दिसत नव्हतं. मग छत्री उघडून त्या शाळेच्या रस्त्याला लागल्या. मी फाइल बंद केली आणि हेडफोन खणात ठेवून दिला.